आधणातलं मीठ

चैत्र लागला की सेलूच्या त्या गल्लीत घरोघरी कुरडयांचे गहू भिजत पडत. तीन दिवस भिजवायचे, वाटून सत्त्व काढायचं, ते रात्रभर निवळू द्यायचं आणि सकाळी ऊन चढायच्या आत चूल पेटवायची. एवढं सगळ्याच बायांना येत होतं. उकळत्या आधणात मीठ किती घालायचं, ते मात्र कौशल्याबाई सांगणार. चीक वाळला की पाणी उडून जातं, मीठ तेवढंच राहतं. म्हणून आधण जिभेला थोडं फिकं लागलं पाहिजे. किती फिकं, ते तिच्या जिभेला कळे. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी सासूने पळी तिच्या हाती दिली, तेव्हा थोरली जाऊ देवकाबाई शेजारीच बसलेली होती. देवकाबाईने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण ती विसरलीही नाही.

सत्याहत्तरच्या दिवाळीनंतर कौशल्याबाईचं काहीतरी बिनसलं. घरात कोणी गेलं नव्हतं, भांडण झालं नव्हतं. सकाळी डोळे उघडत आणि अंगावर ओली गोधडी पडल्यासारखं वाटे. वेणी घालायला बसली की फणी हातातच राही. ताटातली भाकर निवून कडक होई. कोणी विचारलं तर काय दुखतं ते तिला सांगता येत नसे, आणि न सांगता येणाऱ्या दुखण्याला गल्लीत आळस म्हणत.

तिचे यजमान बंडूजी मात्र त्याला अशक्तपणा म्हणत. किराण्याचा माल आणायला ते वर्ध्याला जात आणि येताना एक बाटली आणत. आधी लोहाचं टॉनिक झालं, मग द्राक्षासव, मग अश्वगंधेचं चूर्ण, डोक्याला ब्राह्मीचं तेल. फळीवर जागा उरली नाही तेव्हा रिकाम्या बाटल्यांत रॉकेल भरलं जाऊ लागलं. कौशल्याबाई सगळं मुकाट्याने घेई. पोट तेवढं घट्ट झालं, बाकी सकाळ होती तशीच राहिली.

शेवटी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. बंडूजींनी बाटल्याही पिशवीत घालून नेल्या होत्या. तरण्या डॉक्टरने बाटल्यांवरचा एकेक कागद वाचला. रक्त तपासून त्याने सांगितलं की यांना लोहाची गरज नाही, त्याने पोट बांधलं जातं. आणि आसवात थोडा मद्याचा अंश असतो, उदासीवर जी नवी गोळी देतोय तिच्याबरोबर ते घेतलं तर गुंगी येईल.

"म्हणजे मी तिले दारू पाजून राह्यलो होतो म्हणता?" बंडूजी दुखावून म्हणाले.

कौशल्याबाईला एरवी हसू आलं असतं. तेवढाही जोर नव्हता.

गोळीचं डॉक्टरने सरळ सांगितलं. "गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. तोंड मात्र दोन-तीन दिवसांतच कोरडं पडेल. घाबरून आपल्या मनाने बंद करू नका."

तसंच झालं. आधी तोंड कोरडं पडलं, उठताना भोवळ येऊ लागली. मग एका सकाळी तिला अंगणातल्या चिमण्यांचा आवाज आला आणि ती उठून बसली. चिमण्या रोजच ओरडत असणार. त्या दिवशी तिने स्वतः वेणी घातली.

चैत्रात गल्लीने तिला आधणापाशी बसवलं. तिने पळीतलं पाणी जिभेवर घेतलं. कोरड्या जिभेला काहीच लागलं नाही. मूठभर मीठ घातलं, पुन्हा चाखलं. आणखी घातलं. रिवाज असा की तिच्या आधी कोणी चाखायचं नाही, म्हणून सगळ्या बघत राहिल्या. नंतर गरम चीक वाट्यांतून वाटला गेला तेव्हा एकेक बाई पाण्याचा गडू शोधू लागली. एवढा चीक टाकवेना. कुरडया घातल्या गेल्या आणि गल्लीने वर्षभर खारट खाल्ल्या. देवकाबाई प्रत्येक सणाला म्हणे, "औंदा भाजीत मीठ नाई टाकलं तरी चालते."

कौशल्याबाई ते ऐकून घेई. पण पुढच्या होळीला तिने कोणाला न विचारता गोळी बंद केली. गल्लीसमोर पुन्हा तसं व्हायला नको होतं.

आठवड्याभरात तोंडाला पाणी सुटलं. चिंच आंबट लागली. वरणात मिठाचा खडा कमी पडला तेही कळलं. ती सुखावली, आणि महिना भरायच्या आत ओली गोधडी परत आली. जीभ सगळं सांगत होती. जेवावंसं मात्र वाटत नव्हतं.

कुरडयांच्या दिवशी ती उठली नाही. आधण उकळायला लागलं तशी देवकाबाई पळी घेऊनच खाटेपाशी आली. टोमणा मारायलाच आली असावी. फणीत अडकलेले केस आणि न शिवलेला चहा बघून तिने आवाज खाली आणला.

"गोळी सोडली काय?"

कौशल्याबाईने मान हलवली.

"काऊन वं? मिठासाठी?"

कौशल्याबाईने हात पुढे केला, पळीतलं चाखलं आणि आणखी अर्धी मूठ टाकायला सांगितलं. देवकाबाई जाऊन आली. दुसऱ्या वेळी चाखल्यावर कौशल्याबाईने पळी तिच्याकडे वळवली.

"आता तू घे, बाई. थुंकजो नको, जिभेवर राहू दे. एवढंच फिकं. ध्यानात ठेव, मी पुढच्या वर्षी नाई सांगू शकत."

देवकाबाईने डोळे मिटून घोट घेतला. मग पळी पदराने पुसत म्हणाली, "बंडूले सांगतो, उद्या तुले वर्ध्याले ने म्हणून."

डॉक्टर रागावला, पण थोडाच. पुन्हा तोंड कोरडं पडलं, पुन्हा भोवळ, पुन्हा तीन आठवड्यांची वाट. पोळ्याला देवकाबाईने तळलेल्या कुरडया आणून दिल्या. कौशल्याबाईने एक मोडून तोंडात टाकली. कुरकुरीत होती. आणखी काही कळलं नाही.

"मीठ?" तिने विचारलं.

"बरोबर हाय."

ती चावत राहिली, पाण्याचा घोट घेतला, आणि ताटातली दुसरी उचलली.