मधल्या जागेचा इंजिनीयर

ड्रॉइंगवर मेकॅनिकलची सही झाली. इलेक्ट्रिकलची झाली. मी पेन उघडलं. चीफसाहेबांनी ड्रॉइंगवर तळहात ठेवला.

“तुझा रकाना कुठाय?”

पंच्याऐंशी साल असावं. मुलुंडच्या त्या कारखान्यात मला सिस्टिम इंजिनीयर म्हणून घेतलं होतं. दोन खात्यांची कामं एकमेकांशी जुळतात का ते बघायचं, हे माझं काम. मी तेच सांगायला लागलो.

“म्हणजे सगळ्यांच्या ताटातलं थोडं थोडं,” साहेब म्हणाले. “ही काय शाखा झाली? पण सवय असेल तुमच्या लोकांना.”

टेबलाभोवतीचे सगळे हसले. गोवंडीच्या आमच्या झोपडीत आई पार्ल्याच्या घरांतलं उरलंसुरलं आणायची. ते खाऊनच मी डिप्लोमा केला. लाज आईची नाही वाटली, माझी वाटली. कारण मी पेन बंद केलं आणि मुकाट खाली बसलो.

ड्रॉइंगमधली जी चूक मी दाखवणार होतो, ती तशीच राहिली. लाईट गेली की वाफेचा व्हॉल्व्ह आपोआप बंद होईल, असं इलेक्ट्रिकलवाल्यांनी धरलेलं. मेकॅनिकलवाल्यांनी मागवला तो लाईट गेली की सताड उघडणारा. आपापल्या जागी दोघेही हुशार. मधल्यामधे मरणार कोण? फिटर.

ट्रायलच्या सकाळी लाईट दोनदा लुकलुकली. दत्ताराम फिटर त्याच व्हॉल्व्हच्या वाफेच्या पाइपाखाली बसून नट आवळत होता. मालवणी माणूस, चार पोरींचा बाप. मला म्हणाला, “सायबानू, भियासारख्या काय नाय मां?”

“ऊठ,” मी म्हणालो. “सगळ्यांना घेऊन बाहेर जा.”

चीफसाहेब तरातरा आले. “काम थांबवणारा तू कोण रे?”

“साहेब, तुम्ही इथं उभे राहा. मी मेन स्विच पाडतो.”

साहेबांनी वरच्या पाइपाकडे पाहिलं. एक पाऊल मागे सरले. बस्स, तेव्हाच माझी भीती मेली. माझी शाखा त्यांना मान्य नव्हती, पण तिथं उभं राहायचं नाही एवढं बरोबर कळत होतं.

संध्याकाळी मेमो आला. लेखी माफी माग, नाहीतर घरी बस. ट्रायल सोमवारी होणार, कंत्राटी माणसं लावून.

मी उत्तर लिहिलं. ‘माफी मागणार नाही. दोन खात्यांच्या मधे माणूस मेला तर जबाब मला द्यायचाय. म्हणून तिथं नाही म्हणायचा हक्कही माझाच. सोमवारी व्हॉल्व्ह बदललेला नसेल तर मी गेटवर उभा असेन. एकही माणूस आत सोडणार नाही.’