विकलेल्या गेमचं दावं

जुन्या मालाच्या दुकानात माल खपतो, किस्से खपत नाहीत. ते साठतच जातात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी लक्ष्मीपुरीत आमच्या आण्णांचं असं दुकान होतं. जुने रेडिओ, जुने टेप आणि तेव्हा नव्यानंच निघालेले, पण लोकांनी वापरून जुने केलेले टीव्ही गेम! टीव्हीला जोडायचे, कॅसेट खुपसायची आणि डोळे फोडून घ्यायचे. बँक सुटली की मी तिथं जाऊन बसायचो. घरी बायको विचारायची, ‘तिथं पगार मिळतो काय?’

*

समोर इनामदारसाहेबांची शोरूम. काचेचा दरवाजा, आत पंखा, पंख्याखाली साहेब. बाहेर पाटी: ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’

आण्णांनी ती वाचली आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या दुकानावर पाटी टांगली: ‘समोर विकलेला माल इथे परत घेतला जाईल.’

इनामदारांनी त्या दिवसापासून आण्णांशी बोलणं सोडलं. आण्णा म्हणाले, “बरं झालं की! तेवढीच शांतता.”

*

एकदा इचलकरंजीचं एक गिऱ्हाईक आलं. गेम उलटापालटा करून बघितला आणि फार जाणकारासारखं विचारलं, “एकहाती वापरलेला हाय न्हवं?”

आण्णा म्हणाले, “न्हाय वो पावणं. ह्यो दोन्ही हातांनीच खेळायचा असतोय!”

*

ग्राहकांसाठी नवा कायदा आला होता. कुणी वाचला नव्हता, पण धमकी सगळेच द्यायचे. आमचे एक हायस्कूलचे मास्तर जुनी कॅसेट घेऊन गेले आणि आठवड्यानं तणतणत परत आले. “आण्णा, माल सदोष आहे! यातला राक्षस मरतच नाही. मी कायद्यानं जाणार!”

आण्णांनी चष्मा लावला, गेम जोडला, चहा येईपर्यंत राक्षस मारला आणि कॅसेट मास्तरांच्या हातात दिली.

“राक्षस बरोबर हाय, मास्तर. गिऱ्हाईक सदोष हाय.”

*

आता कोडोलीचे तात्या पाटील. शेतकरी माणूस, गोठ्यात म्हशी. त्यांनी हौसेनं इनामदारांच्या शोरूममधून कोरा करकरीत गेम घेतला. झालं! घरातली माणसं धार काढायची सोडून टीव्हीपुढं. म्हशी हंबरून दमल्या. शेवटी तात्यांनी गेम उचलला आणि आण्णांना आणून विकला. व्यवहार ठरला, हातात हात दिला आणि जाताना तात्यांनी गेमची वायर काढून खिशात घातली!

“अवो तात्या, वायर?”

“दावं कवा देत असत्यात व्हय?” तात्या म्हणाले. “जनावर इकलं तरी गळ्यातलं दावं घरातच ठेवायचं. न्हायतर गोठ्याची बरकत जातीया!”

आण्णांनी परोपरीनं समजावलं, की हे जनावर नव्हे. तात्या म्हणाले, “घरात घुसून चारा खात हुतं की!” आणि वायर घेऊन गेले. आण्णांनी एका मेलेल्या रेडिओची वायर काढून त्या गेमला जोडली.

*

तोच गेम इनामदारांना आण्णांच्या दुकानात दिसला आणि त्यांचा तोल गेला. त्यांनी व्यापारी मंडळाकडं ‘हे दुकान बंद करा’ असा अर्ज टाकला. आण्णांचा गाळा मंडळाचा होता, म्हणजे मंडळानं मनात आणलं तर दुकान बंद. आमची सगळी चेष्टामस्करी त्या दिवशी थांबली. आण्णांनी आलेला चहासुद्धा तसाच ठेवला. “ह्या वयात दुसरं काय करू रं?” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

मंडळाची बैठक भरली. इनामदारांनी साक्षीला खुद्द तात्या पाटलांना बोलावलं होतं. तात्यांना वाटलं, तक्रार वायरचीच! ते वायर धुऊनपुसून, हळदकुंकू लावून घेऊन आले.

इनामदारांनी तसल्याच एका गेमचा खोका वर धरला. “यावर इंग्रजीत स्वच्छ छापलंय. पुन्हा विकायला मनाई! गेम कंपनीचाच राहतो. गिऱ्हाइकाला फक्त खेळायचा हक्क!”

तात्यांनी डोकं खाजवलं. “म्हंजे म्या म्हैस घेतलीच न्हाय? नुसता धारंचा हक्क?”

“तसंच समजा.”

“आणि मेली तर?”

“म्हणजे?”

“गेम बंद पडला तर कंपनी नवा देणार?”

“छे! ते नुकसान तुमचं. विकलेला माल आम्ही परत घेत नाही.”

“मेल्यावर आमची, आणि जित्ती हाय तवर तुमची व्हय?”

बैठकीत खसखस पिकली. आण्णा मात्र खाली मान घालून बसले होते. तात्या उठले आणि त्यांनी ती वायर इनामदारांच्या हातात ठेवली.

“साहेब, चूक माझीच. पैला इकणारा तुमी. दावं तुमच्याकडंच ऱ्हायाला पायजे हुतं. घ्या! इकणाऱ्याचं एवढंच असतंय.”

मंडळाच्या अध्यक्षांचा मूळ धंदा दुधाचा. त्यांनी इनामदारांचा अर्ज उचलला, नीट घडी घातली आणि त्यांच्यापुढं धरला.

“हे बी त्याच दाव्याला बांधा.”