सासूबाईंच्या उशाचा फोन

मला बघायला आल्या तेव्हा सासूबाईंनी मला कमी आणि आमच्या नांदेडच्या घराच्या भिंतींनाच जास्त बघितलं. एका हातात पोह्यांची ताटली, आणि दुसऱ्या हातानं भिंतीवर टकटक. "विटा हायत का दगड?" माझे वडील घाबरले, बाई हुंड्यात घरच मागते की काय! "विटा आहेत, पिलर पण आहेत," म्हणाले, तेव्हा कुठं त्या खाली बसल्या आणि माझं नाव विचारलं.

तारामती त्यांचं नाव. मी त्यांना आत्या म्हणते. किल्लारीच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची सहा वर्षांची लेक, वर्षाराणी, घराच्या दगडमातीखाली गेली. कडेवरचं लेकरू वाचलं, तेच आमचे हे, सिद्धेश्वर. त्या रात्रीबद्दल आत्या चकार शब्द बोलत नाहीत. एवढंच म्हणतात, "आता पुन्यांदा लेकरू छताखाली घावू द्यायची न्हाई." लेकरू म्हणजे आमची अक्षरा, दुसरीतली. याला व्रत म्हणा नाहीतर येड म्हणा, आत्या त्याच्यावरच जगत होत्या.

लातूरला आम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि माझ्या जिवाला घोर लागला. आत्या दिवसभर घरात, पण अंग टाकायचं ते खाली, गेटापाशी लिंबाखाली, खाटेवर. शेजारच्या नीलाबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "तीन खोल्यांत एक म्हातारी मावंना!" असा संताप यायचा! अहो, खाट काय मी उचलून नेली होती? पाया पडून झालं, रुसून झालं. वर आत्या म्हणायच्या, अक्षरालाबी माझ्यापाशी दे. त्यावरून रोज कडाक्याचं भांडण.

त्यांचा विश्वास कशावरच नव्हता. लिफ्टवर नाही, गॅसच्या टाकीवर नाही. बिल्डरनं कागदावर 'भूकंपरोधक' छापून दिलं होतं, ते यांनी वाचून दाखवलं. आत्या म्हणाल्या, "भूकंपाला वाचाया येतंय का?"

मग एक दिवस यांनी नवा फोन आणला. "माय, ह्याच्यात भूकंपाचं बसवलंय. धक्का यायच्या आधी बोंब मारतंय."

मी मनात म्हटलं, घ्या! याला बायकोचा वाढदिवस दोन दिवसांनी आठवतो, आणि याच्या फोनला भूकंप आधी कळणार!

आत्यांनी तर पोलिसासारखी उलटतपासणी घेतली. "ह्येला कोण सांगतंय?"

"वरून सॅटेलाइट."

"आन् त्येला?"

"त्याला मशिनी सांगतात. तू हलवून बघ की!"

आत्यांनी फोन उचलून गदागदा हलवला. अगं बाई! असा कर्कश भोंगा वाजला की अक्षरानं कानात बोटं घातली. आत्या मात्र फोनकडं टक लावून बघत राहिल्या. "हाव रं," म्हणाल्या. "ह्येला कळतंय."

खाट वर आली. रोज झोपायच्या आधी हिरवं बटण दाबून फोन एकदा हलवून बघायचा, वाजला की तेच बटण परत दाबायचं, रुमालात गुंडाळून उशाशी ठेवायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. "बिघडंल," म्हणायच्या. नीलाबाईंचं तोंड बंद झालं. आत्या घोरायला लागल्या, आणि मला त्या घोरण्याचंही कौतुक वाटायचं.

तरी मनात पाल चुकचुकायची. यांना विचारलं, "खरंच असलं काही असतं का हो?" तर म्हणे, "झोपतीय ना ती? मग गप बस." सरळ उत्तर असतं तर माणूस असं बोलतो का? फोन उघडून बघावा म्हटलं, तर आत्या हात लावू देईनात. आणखी एक खटकायचं. आधी रस्त्यानं नुसता ट्रक गेला, भांडं वाजलं, तरी आत्या अक्षराला घेऊन उभ्या राहायच्या. आता आधी फोनकडं बघायच्या. वाजला नाही? मग परत भाजी निवडायला.

परवाच्या पावसाळ्यातली सकाळ. हे कामावर निघालेले, गाडी काढत होते. मी गेटावर दूध घेत होते. पायाखालून गडगडत काहीतरी गेलं, ट्रॉलीतून दगड ओतावेत तसं. "भूकंप! भूकंप!" जिन्यातून माणसं धबाधबा खाली. कुणी टॉवेलवर, कुणाच्या तोंडाला पेस्टचा फेस, नीलाबाई लाटणं घेऊन. सगळे आले. आमच्या दोघी आल्या नाहीत.

यांनी गाडी तशीच आडवी टाकली आणि धावत सुटले. मागं मी.

आत अक्षरा शाळेच्या कपड्यात, पायात एकच बूट, रडत होती. आत्या खाटेवर बसलेल्या. एका हातात तिचं मनगट, दुसऱ्या हातात फोन.

"मम्मी, आज्जी सोडेना!"

"वाजला न्हाई," आत्या म्हणाल्या. नजर फोनवरच. "काई न्हाई. वाजला न्हाई अजून."

त्यांची बोटं आम्ही दोघांनी मिळून सोडवली आणि दोघींना खाली आणलं.

झालं काहीच नाही. स्वयंपाकघराच्या गिलाव्याला एक चीर तेवढी गेली. लोक हसायला लागले, नातेवाइकांना फोन लावायला लागले. आत्या लिंबाखाली बसल्या आणि लेकाला हळूच म्हणाल्या, "सिद्धा, ह्यो का वाजला न्हाई?"

हे खाली मान घालून उभे. मी फुटलेच. "आता बोला की! का वाचा बसली?"

"चोरासाठीचं असतंय ते," हे म्हणाले. "फोन कुणी उचलला की बोंबलतंय, हिरवं दाबलं की बंद. भूकंपाचं त्याच्यात काही न्हाई. तुला झोप लागावी म्हणून, माय."

मी यांची अशी हजेरी घेणार होते! पण आत्यांकडं बघितलं. त्या रागावलेल्या नव्हत्या.

"माझ्या पायाला कळालं होतं रं, पयल्या झटक्यालाच. पोरगी म्हणाली, आज्जी पळ. म्या म्हणलं, बस." आत्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. "त्या रातीबी वर्षी उठली होती. माय, घर हलतंय, भाईर चल, म्हणली. आधीचं वरीसभर हलतच होतं, आन् समदे म्हणायचे, काई होत न्हाई. म्या म्हणलं, झोप गुमान. तू रडत हुतास म्हणून तुला घिऊन अंगणात आले. तिला म्या झोपवलं, सिद्धा."

एकतीस वर्षांत हे यांनी पहिल्यांदा ऐकलं. हे तिथंच मातीत बसले.

आत्यांनी फोन त्यांच्या हातात दिला आणि अक्षराला जवळ ओढलं. तिच्या मनगटावर बोटांचे लाल वळ उठले होते. आत्या पदरानं ते चोळत राहिल्या.