टाकीचं पित्त

२०२३ साली मी बाहत्तर वर्षांचा होतो आणि दिल्लीजवळच्या मानेसरच्या आमच्या गच्चीवर गॅस तयार करत होतो. टाकीतून. (हे सांगावं लागतं, कारण सून अजून हसते.)

शेण कालवून गोबरगॅसची टाकी भरली. शेगडी छान पेटली, तेव्हा मी खालच्या चौधरीजींना ऐकवलं, आजपासून माझा चहा माझ्याच गॅसवर, नाहीतर चहा बंद! टाकी बसवणारा सांगून गेला होता, रोज मूठभर उष्टंखरकटं घाला, जास्त नको. म्हणजे मला शिकवणार! शाळा चौथीत सुटली, डोकं नाही सुटलं. ज्यानं माणसाला गॅस होतो, त्यानं टाकीला झालाच पाहिजे. वाल, मुळा, छोले, आंबट कढी, वर गणपतीच्या जेवणातलं उरलेलं पातेलंभर श्रीखंड, सगळं ओतलं.

शेगडी विझली. वास मात्र असा सुटला की चौधरीजी नाकाला गमछा लावून वर आले.

"अंकलजी, टंकीवाले ने आपको चूना लगा दिया."

मला? चुना? चहावाचून डोकं आधीच ठणकत होतं. त्यात मुलगा म्हणतो, "बाबा, यार, सिलिंडरवरचा घ्या ना कपभर." बापाला यार! आणि वर शब्द मोडायला सांगतो.

बायको मात्र चुन्यावरच अडकली. "अहो, आंबलीय ती. चुन्याची निवळी देतात ना पित्तावर? तसंच करू. आणि लंघन."

"टाकी आहे ती, तुझा नातू नाही!"

"मग गॅस व्हावा म्हणून तिला वाल कुणी चारला?"



तिनं रंगाऱ्याकडून चुना आणवला, पाण्यात कालवून रोज थोडा थोडा ओतला. खायला काही नाही. मी तिकडे फिरकलोसुद्धा नाही. वाल चांगलाच असतो हे दाखवायला दोन्ही वेळा वालच खात बसलो.

आणि एका संध्याकाळी शेगडी पेटली. निळी ज्योत! मी गच्चीवरूनच चौधरीजींना सकाळच्या चहाचं आमंत्रण दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. चौधरीजी प्यायले, मुलगा प्यायला, सून तर दोनदा प्यायली. रिकाम्या पोटी संताप आणि भरल्या पोटी वाल, पित्त आता मला झालं होतं! हिनं माझ्यापुढे पेला ठेवला. चुन्याची निवळी. ती मुकाट्यानं प्यायलो, आणि आता मलाही लंघन, म्हणून माझ्या वाटणीचा मूठभर भात टाकीला घालून आलो.