संदीप पेंटरचे शून्य चुकांचे पान

सौंसर, मंगळवार, ६ मे २०२५. ऊन फार. नळाला पाणी उशिरा आले. सांडगे गच्चीवर घातले. दुपारी संदीप पेंटर आला, चहा नको म्हणाला. मोहगावचा गजेंद्र त्याला चारचौघांत टोचून बोलला आहे.

माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. पण संदीपने माझ्या घरी चहा नाकारला, असे त्याआधी कधी झाले नव्हते, म्हणून थोडे मागून सांगते.

संदीपचे वडील शालिकराम पांढुर्ण्याला कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात होते. कापसाच्या गाठींवर मालाची खूण आणि नंबर टाकायचे काम त्यांचे. पत्र्यात कापलेली अक्षरे गाठीवर धरायची आणि काळ्या रंगाचा कुंचला फिरवायचा. संदीप अक्षरे शिकला ती शाळेत जाण्याआधी, त्या पत्र्याच्या भोकांतून बोट फिरवून. पुढे सौंसरला आला आणि पेंटर झाला. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंती, ट्रॅक्टरच्या मागची नावे, सगळे त्याच्या हातचे. माझ्या फाटकावरची पाटीही त्यानेच रंगवली. यजमान गेल्यावर मी ती तशीच ठेवली. तेव्हापासून दर दिवाळीला तो न बोलावता येतो, पाटी ओल्या फडक्याने पुसतो, उडालेली अक्षरे भरतो आणि चहा घेऊन जातो. पैशाचा विषय काढला की म्हणतो, "काकासाहेबाचं नाव हाये ते, काकू."

मग फ्लेक्स आले. तासाभरात मशीनमधून पाटी निघू लागली, वर मालकाचा हसरा फोटोही. संदीपचे काम निम्म्यावर आले, मग त्याच्याही निम्म्यावर. पांढुर्ण्याच्या एका फ्लेक्सवाल्याने त्याला नोकरी देऊ केली होती: दुसऱ्याने केलेले डिझाइन कॉम्प्युटरवर उघडायचे आणि छापायचे बटण दाबायचे. संदीपला ते नको होते. त्याने हिंदी व्हिडिओ पाहून वेबसाइट करायला शिकून घेतले. इंग्रजी अडले की माझ्याकडे यायचा. माझे शिक्षण कॉन्व्हेंटमधले, तेव्हा इंग्रजी वाचून अर्थ सांगणे मला जमे. बाकीचे तो मला समजावून सांगे.

वेबसाइटचे पान एचटीएमएल नावाच्या खुणांनी लिहितात, हे मला त्याच्यामुळे कळले. इथे मथळा सुरू झाला, इथे संपला, इथे चित्र आहे, अशा त्या खुणा. उघडलेली खूण बंद करावी लागते. पान नियमाप्रमाणे लिहिले आहे का, हे तपासायची सोयही इंटरनेटवर फुकट आहे. पानाचा पत्ता टाकला की चुका लाल अक्षरांत समोर येतात. संदीपला ही सोय फार आवडली. पाटी रंगवताना तो आधी खडूच्या रेषा मारतो आणि रंग वाळला की पुसून टाकतो. कोणाला त्या दिसत नाहीत, पण रेषेशिवाय त्याने कधी एक अक्षर काढले नाही. या खुणा त्याला तशाच वाटल्या.

मोहगावच्या गजेंद्रची संत्र्याच्या कलमांची नर्सरी आहे. संदीपचे पहिले मोठे काम ते. पान झाले, तपासले, आणि शून्य चुका आल्या. त्या आनंदात त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर गजेंद्रला सांगितले की हे पान गूगलवर सगळ्यांच्या वर येणार.

ते आले नाही. वर नाही आणि खालीही नाही. नर्सरीचे पूर्ण नाव टाकले तर कुठेतरी दिसे. "संत्रा कलम" टाकले तर पलीकडच्या तालुक्यातली दुसरीच एक नर्सरी पहिली येई.

त्या मंगळवारी तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "काकू, गजेंद्रभाऊ म्हणते, संदीपभाऊ, तुमचं पान लय साफ हाये, फ्रेम करून बैठकीत लावू काय? गिऱ्हाइकाले तं दिसूनच नाही राहिलं."

"मग तू काय म्हटलं?"

"काय म्हणू? सगळे हसून राहिले होते. पाऊस लागायच्या आत पान वर नाही आलं, तं काम नागपूरच्या लोकायले देतो म्हणते. मंग बाकीचे दोघं बी नाही म्हनतीन. मंग हायेच फ्लेक्सचं बटण."

बाकीचे दोघे म्हणजे पांढुर्ण्याचा एक बियाणेवाला आणि एक मंगल कार्यालय. गजेंद्रचे काय होते हे पाहून ते संदीपला काम देणार होते. कलमांची मागणी पावसाच्या तोंडावर येते, तेव्हा जे व्हायचे ते त्याच महिन्यात.

संदीपने त्या पहिल्या येणाऱ्या नर्सरीचे पान तपासायला टाकले. लाल ओळी संपेनात. चाळिसेक चुका असतील. उघडलेल्या खुणा बंद नाहीत, एकाच नावाच्या दोन खुणा.

"हे पाहा. आन् हे पहिलं!" तो म्हणाला. "गूगलले डोळे नाही काय?"

गूगलच्या मदतीच्या पानांवर याबद्दल काय लिहिले आहे ते मी चष्मा पुसून वाचले. पान नियमाप्रमाणे शुद्ध असावे हे चांगले, पण त्याच्यावर नंबर ठरत नाही. जगातली बहुतेक पाने अशुद्धच असतात आणि यंत्र ती वाचून घेते. मी मराठीत सांगितले तशी त्याने खुर्ची जवळ ओढली.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचले. अर्थ तोच निघाला.

"मतलब मी एवढ्या रेषा मारल्या त्या फालतू," तो म्हणाला आणि उठून गेला. गेटची कडी लावायची विसरला.

दोन-तीन दिवस तो आला नाही. माझ्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. त्यामुळे माझी भाची मृणाल हिने फोनमध्ये वाचून दाखवायची सोय करून दिली आहे. पानावर बोट ठेवले की फोनमधली बाई मोठ्याने वाचते. शुक्रवारी दुपारी, पोरगा रागावला आहे तर त्याचे पान पुन्हा नीट पाहावे, म्हणून मी ते उघडले आणि बोट ठेवले. बाई बोलेना. खाली सरकवले, तरी नाही. एकदम शेवटी तिने गजेंद्रचा फोन नंबर वाचला आणि थांबली.

मला वाटले फोन बिघडला. म्हणून ते चाळीस चुकांचे पान उघडले. तिथे बाई थांबायलाच तयार नाही. जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली कलमे, लागवड कधी करावी, दोन झाडांत अंतर किती, फळ कोणत्या वर्षी येते, सगळे तिने घडाघड वाचले. पान दिसायला विटके होते, पण ते बोलत होते.

मग माझ्या लक्षात आले. संदीपने गजेंद्रच्या पानावर एकही शब्द टाइप केला नव्हता. त्याने पत्र्यांवर स्वतःच्या हाताने सगळे रंगवले होते, कलमांच्या जाती, भाव, लागवडीची माहिती, निळ्या अक्षरांना पिवळी सावली देऊन. त्या पत्र्यांचे फोटो काढून पानावर लावले होते. डोळ्यांना इतके सुंदर की मी स्वतः महिनाभर पाहत होते आणि मला काही खटकले नव्हते. पण फोनमधल्या बाईला फोटोतली अक्षरे वाचता येत नव्हती, तशी गूगललाही नीट येत नसणार.

उन्हे उतरल्यावर मी त्याच्या घरी गेले. दारात त्याची बायको सुमन तांदूळ निवडत होती.

"या काकू. जय भीम. पाहा तुमच्या पेंटरले. तीन दिवसापासून भिताडाकडं तोंड करून बसला हाये."

"नमस्कार, सुमन. त्याला हाक मार."

तो बाहेर आला. मी काही न सांगता फोन त्याच्या हातात दिला आणि म्हटले, "तुझं पान. बोट ठेव." त्याने ठेवले. वरपासून खालपर्यंत फिरवले. शेवटी फोन नंबर आला.

"खराब झाला काय हा?"

"आता ते दुसरं उघड."

त्याने उघडले. बाई वाचू लागली. जंभेरी, खुंट, अंतर. सुमनचा हात सुपातच थांबला. संदीपने मधेच फोन बंद केला.

"चित्राच्या खुणेत, चित्रात काय आहे ते शब्दांत लिहायची जागा असते ना?" मी विचारले. "तूच मला दाखवली होतीस."

"असते. ते मी रिकामी ठेवली." तो खाली पाहून म्हणाला. "जागा ठेवलीच नाही तं चूक दाखवते. रिकामी ठेवली तं नाही दाखवत. नुसतं सजावटीचं चित्र हाये असं समजते ते. मी म्हटलं, चित्रातच तं लिहिलं हाये सगळं, दुबारा कायले लिहू?" मग म्हणाला, "मी त्याले कोरं पान देलं, काकू. बिनचूक कोरं पान."

"मी तं सांगतच होती," सुमन म्हणाली. "आंगण झाडलं म्हनून कुरियरवाला येते काय? पार्सल असलं तं येते."

"तू कधी सांगतलं?"

"आत्ता सांगतलं ना!"

तिघेही हसलो, पण त्याचे हसणे लवकर संपले. शब्द टाइप करायचे म्हणजे त्याच्या हातची अक्षरे काढून टाकायची. पानावर तेच छापील वळण येणार, जे फ्लेक्सवर असते आणि ज्याच्यापासून तो पळत होता. "मंग माह्यं काय राहिलं त्याच्यात?" त्याने विचारले. मी माझा फोन घेतला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गजेंद्रकडे गेला. चूक आपलीच होती, असे त्याने सरळ सांगितले, आणि नर्सरीत येणारे शेतकरी काय काय विचारतात ते गजेंद्रलाच विचारले. ते प्रश्न त्यांच्याच बोलीत घेतले, उत्तरे गजेंद्रकडून घेतली, आणि माझ्या टेबलाशी बसून सगळे टाइप केले, मराठीत आणि हिंदीत. खुणा मुळातच नीट होत्या, म्हणून एकेक चित्र हटवून तिथे शब्द घालताना दुसरे काही मोडले नाही. तेव्हा तो हळूच म्हणाला, "रेषा अगदीच फालतू नव्हत्या म्हणजे." नर्सरीच्या नावाचे एकच चित्र त्याने ठेवले, आणि त्याच्या रिकाम्या जागेत शब्द भरले.

मेअखेरीस पान दिसू लागले. पहिले नाही. चाळीस चुकांवाले अजून वरच आहे, आणि ते त्याला अजून बोचते. पण "संत्रा कलम" टाकले की आता गजेंद्रचे पान त्याच्या थोडे खाली येते. मुलताईकडच्या एका शेतकऱ्याने ते वाचून फोन केला आणि कलमे ठरवली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गजेंद्र स्वतः सौंसरला आला. संदीप माझ्याकडे आहे असे कळल्यावर इकडेच आला. मी चहा टाकला.

"संदीपभाऊ, ते पत्रे कुठं हायेत तुमचे?"

"हायेत घरी. काहून? फ्रेम करता काय?"

"करतो ना. नर्सरीत. ज्या वाफ्यात जे कलम, तिथं त्याचा पत्रा ठोकून द्या. मानसायले तं डोळे हायेत! आन् पान तुमच्याचकडं ठेवा. नागपूरवाल्यायले मी काई म्हटलंच नव्हतं, तुमाले चिडवून राहिलो होतो."

"लय चिडवलं," संदीप म्हणाला. पण चेहरा उजळला होता. त्याने माझ्यासमोरच फ्लेक्सवाल्याला फोन लावला आणि नोकरी नको म्हणून सांगितले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काकू, साखर कमी पडली आज."

दोन दिवस तो मोहगावला पत्रे ठोकत होता. आले-गेलेले शेतकरी थांबून वाचतात, असे सांगत आला. डब्यात निळा रंग थोडा उरला होता.

त्या संध्याकाळी मी वहीत लिहिले: संदीपने उरलेला निळा रंग माठाच्या तिवईला लावला. वाळेपर्यंत माठ खाली परातीत ठेवला आहे.