बाबांची गाडी आणि दिनेशचा तिसरा नंबर

आमची मोटार २०१६ साली एका उभ्या जेसीबीला धडकून वारली, आणि तिचं सुतक फिटायच्या आत तिच्या अभिनंदनाचा बॅनर नाक्यावर लागला. दोन्ही गोष्टींना आमचंच घर जबाबदार होतं. बॅनरला तर खास मी.

आधी गाडीचं सांगते. माझे सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर तांडेल. डहाणूच्या खाडीतून होडी काढायची आणि मासळी भरून सुखरूप परत आणायची, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मग किडन्यांनी दगा दिला. आठवड्यातून तीनदा वापीला जाऊन डायलिसिस करावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा बाबांनी होडी विकली आणि जुनी पांढरी मोटार घेतली. विवळवेढ्याला महालक्ष्मीपुढे नेऊन तिला हार घातला आणि मागच्या काचेवर होडीचंच नाव रंगवून घेतलं. ते तिला गाडी म्हणतच नसत. निघायची वेळ झाली की दिनेशला हाक मारून होडी काढायला सांगत. (दवाखान्याचा वॉचमन पहिले काही दिवस आमच्याकडे फार काळजीने बघायचा.)

दिनेश म्हणजे माझा नवरा. वडिलांसोबत होडीवर वाढलेला, त्यामुळे चाक हातात आलं की आपण दर्यात आहोत असंच त्याला वाटायचं. अशात तलासरीकडे, झरीच्या बाजूला, कुणीतरी माळ सपाट केला, कडेने जुने टायर मांडले आणि जाहीर केलं की आपापल्या गाड्या आणा आणि पळवा. दिनेशने घरात सांगितलं की गाडी सर्व्हिसिंगला नेतोय. मला मात्र खरं सांगितलं. मी शहाणी बायको असते तर चावी लपवली असती. मी डबा भरून दिला! वर गाडीसमोर उभं करून त्याचा फोटोही काढला, नंबर प्लेटसकट. एवढंच बजावलं की उद्या सोमवार आहे, बाबांना न्यायचंय.

शर्यतीत चार गाड्या होत्या. त्यातली एक सुरूच झाली नाही. उरलेल्या तिघांत दिनेशने जिद्दीने तिसरा नंबर राखला. शेवटच्या वळणावर तर तो दुसऱ्याला गाठणारच होता. पण गाडी घसरली, आणि घाबरलेल्या माणसाचा हात लहानपणीच्या सवयीकडे धावतो. होडीत सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. दिनेशने चाक डावीकडे फिरवलं आणि होडी उजवीकडे वळायची वाट बघत राहिला. डावीकडे ट्रॅक बनवणारा जेसीबी उभा होता. दिनेशला खरचटलंसुद्धा नाही. गाडीचं तोंड मात्र पार आत गेलं आणि इंजिन जागेवरून हललं.

गाडी ओढून घरी आणली, तेव्हा मी घाईघाईने बाबांना सांगितलं की रस्त्यात बैल आडवा आला. बाबा नुसते उठून मागच्या काचेवरून हात फिरवून आले. सोमवारी त्यांना रिक्षाने नेलं. रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला ते डोळे मिटून घेत होते, आणि ते बघून मी ठरवलं की काही झालं तरी गाडी उभी करायचीच. इन्शुरन्स होता की आमचा!

आमचा एजंट मनोजभाऊ शेजारीच राहतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"वहिनी, शर्यतीत गाडी उतरवली की इन्शुरन्स संपला. ट्रॅक असो नाहीतर गावचं मैदान. वेगाची कुठलीही स्पर्धा पॉलिसीत बसत नाही. तुम्ही क्लेमच करू नका."

हे ऐकून कुठलाही सरळ माणूस गप्प बसला असता. मी म्हटलं, बैल आहे ना आपल्याकडे! क्लेम टाकला, सासूबाईंना खरं सांगितलं आणि बाबा झोपल्यावर घरात तालीम सुरू केली. सासूबाई आयुष्यभर मासळी विकत आलेल्या, त्यामुळे समोरच्याला पटवणं त्यांच्या हातचा मळ. पण त्यांचा बैल तांबडा होता आणि दिनेशचा काळा. वाद मिटेना, तेव्हा मी मध्ये पडून बैल तांबूस काळा केला. एक शिंग मोडकं ठेवलं. बैलाला इतकं रंगरूप दिलं की मला स्वतःला त्याची दया यायला लागली.

नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर मंगळवारी आला. तरुण मुलगा, अतिशय नम्र. सासूबाईंनी त्याला चहा आणि तळलेले बोंबील दिले. आम्ही तिघांनी आळीपाळीने बैल सांगितला. तो सगळं लिहून घेत होता, मोडक्या शिंगाविषयी तर त्याने दोनदा विचारलं. मग हात पुसून त्याने मोबाइल आमच्यापुढे धरला.

मोबाइलमध्ये नाक्यावरच्या बॅनरचा फोटो होता. मोटार शर्यतीत तृतीय क्रमांक पटकावल्याबद्दल आमच्या लाडक्या दिन्याचं हार्दिक अभिनंदन. खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात एक जण अजून पाळण्यातला. मध्ये मी काढलेला फोटो, नंबर प्लेट अगदी झळझळीत. दिनेशच्या मित्रमंडळींनी फक्त नंबर कळवून फोटो मागितला तेव्हा मीच पाठवला होता. रविवारी दुपारी, जेसीबीची बातमी कानावर यायच्या आधी. 'तृतीय'चं शुद्धलेखनही मीच तपासून दिलं होतं! पुढच्या गोंधळात बॅनर माझ्या डोक्यातून साफ गेला. सर्व्हेअरने नाक्यावर आमचं घर विचारलं, तर लोकांनी कौतुकाने बॅनरच दाखवला.

"बैल यात दिसत नाही," तो म्हणाला.

खाटेवर पडलेले बाबा उठून बसले. त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरून, मग जवळ धरून बघितला. त्यांनाही बैलच सांगितला होता आम्ही. मला वाटलं आता आकाश कोसळणार. पण बाबा ओरडले नाहीत. मोबाइल परत दिला आणि दिनेशकडे बघत म्हणाले,

"मग उद्या होडी कोन काढनार?"

दिनेश खाली मान घालून रडायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सर्व्हेअर चांगला माणूस. त्याने शर्यतीचं कारण लिहून क्लेम नाकारला आणि बैलावर काही लिहिलं नाही.

गाडी भंगारात गेली. पुढे बाबांचं जाणं-येणं गावातल्या जयेशच्या मासळीच्या टेंपोतून सुरू झालं. बाबा पुढे, मी मागे बर्फाच्या खोक्यांवर. थंडीत हाडं गोठायची आणि दवाखान्यात पोचल्यावर लोक सरकून जागा द्यायचे. टेंपो थांबला की मी जयेशला इन्शुरन्स शिकवायची. स्पर्धा कशाला म्हणतात, वेग का वाढवायचा नाही, एका मिनिटाच्या मजेपायी घर कसं बुडतं. दिनेशशी मी धड बोलत नव्हते. माझ्या मते मी बोलायची गरजच नव्हती, इतकी चूक त्याची होती.

मग एकदा गुजरातच्या हद्दीवर, आच्छाडच्या नाक्यावर ट्रकांची अशी कोंडी झाली की टेंपो परत फिरवावा लागला. एक डायलिसिस चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना श्वास घेता येईना. अंगात पाणी साठलं होतं. दिनेश बाजारात होता, त्याला फोन केला आणि बाबांना टेंपोत पुढे बसवलं. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, ओठ निळे, छातीतून घरघर. मी इतकी घाबरले होते की देवाचं नावही सुचेना. आणि जयेश आपला निवांत, एकेका गतिरोधकाला मान देत चाललेला.

"जयेश, पळव," मी म्हटलं.

"वहिनी, तुमीच सांगितलंय ना, रेस केली तर इन्शुरन्स मिलत नाय."

"खड्ड्यात गेला तुझा इन्शुरन्स! त्या पुढच्या गाडीला मागे टाक. त्या बसलाही टाक."

जयेशने टाकलं. हायवेला मी खिडकीतून हात काढून ट्रकवाल्यांना बाजूला करत होते. मागे खोकी आपटत होती. वापी आली, बाबांना आत नेलं, मशीन लागलं, आणि हळूहळू त्यांच्या ओठांवर रंग आला. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पोटभर रडले.

दिनेश मोटारसायकलवरून धापा टाकत आला. आम्ही इतक्या लवकर पोचलो कसे, म्हणून त्याने विचारलं. रस्ता मोकळा होता, असं मी सांगितलं. जयेश बाजूलाच टेंपोतले सांडलेले बोंबील गोळा करत होता. तो मान वर न करता म्हणाला, "वहिनीने पलवायला लावला. सोला गाड्या मागे टाकल्या."

दिनेश माझ्या शेजारी बसला आणि पाण्याची बाटली पुढे केली. त्या दिवसापासून आमच्या घरात इन्शुरन्सवर भाषण करायला मला बंदी आहे. बंदी कुणी घातलेली नाही. एवढ्या गाड्या मागे टाकल्यावर माझंच तोंड उघडत नाही.