मॅडमच्या पर्सचं काय?

मंडळी, आज लेकीच्या शाळेत पालकसभा झाली. नवा नियम काढलाय: सोमवारपासून पोरांनी आरपार दिसणारं दप्तर आणायचं.

मी कुरकुंभला कंपनीत कामाला हाय. गेटवर रोज माझी डब्याची पिशवी तपासतात, पण मॅनेजरची बॅगबी तपासतात. म्हणून उभा राहून विचारलं, "मॅडम, तुम्हीबी तसलीच पर्स आणणार का?"

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, आमच्या पर्समध्ये खासगी वस्तू असतात."

शेजारी बसलेली माझी नववीतली लेक उठली. "मॅडम, आमच्या दप्तरातपण असतात."

सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या. नियम तूर्त थांबलाय.

लेक रोज एसटीनं शाळेत जाते. तिचं दप्तर मॅडमनी खुशाल तपासावं. पण अख्ख्या एसटीनं ते का बघावं, सांगा बरं?